पॉप-अप कॅम्परची कुजलेली जमीन: हात घालायचा की सोडून द्यायचं?

प्रश्न: नमस्कार काका. आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. एप्रिलमध्ये ओळखीतून २००५ सालचा एक पॉप-अप कॅम्पर (गाडीमागे ओढायचा, छत वर उचलून उघडायचा कापडी बाजूंचा ट्रेलर) १८०० डॉलरला घेतला. मुलांना (वय १० आणि ७) फार हौस होती. बघायला गेलो तेव्हा सगळं ठीक वाटलं. घरी आणून दाराजवळचं लिनोलियम उचललं, तर खालचं प्लायवूड भुसभुशीत. पाय दिला की दबतं. शिवाय पुढच्या डाव्या कोपऱ्यात छताच्या कडेला तपकिरी डाग आहे आणि पाऊस झाला की तिथे हाताला ओल लागते. विकणारे म्हणतात, "जमिनीवर हार्डनर (लाकडात मुरून ते कडक करणारं द्रव) ओता, छताला वरून कोटिंग मारा, दहा वर्षं बघायला नको." एका दुरुस्तीवाल्याने ४२०० डॉलर सांगितले. नवरा म्हणतो, व्हिडिओ बघून घरीच करतो. मला वाटतं, विकून मोकळं व्हावं. धाकट्याला ॲलर्जी आहे, आत गेला की खोकत बाहेर येतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लडिंग्टन स्टेट पार्कचं बुकिंग करून ठेवलंय. रोज जेवताना हाच वाद. काय करावं?
– एक वाचक

उत्तर: नमस्कार.

वाद 'दुरुस्त करायचा की विकायचा' असा चाललाय, पण लाकूड नेमकं कुठवर गेलंय हे तुम्हा दोघांनाही अजून माहीत नाही. ते कळल्याशिवाय तुमचं बरोबर की तुमच्या मिस्टरांचं, हे मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून आधी तपासणी. तोवर दुरुस्तीवर एक डॉलरही घालू नका आणि विक्रीची जाहिरातही टाकू नका. ते १८०० डॉलर मात्र हिशेबातून आजच काढून टाका. ते गेले. इथून पुढे जो पैसा आणि जे कष्ट घालाल, त्यातून मुलांना निर्धास्त झोपवता येईल अशी जागा हाती लागते का, एवढंच आता बघायचं.

आपण ज्या घरांत वाढलो तिथे ओल म्हणजे भिंतीचे पोपडे. पावसाळ्यात रंग फुगतो, दिवाळीच्या तोंडावर खरवडून नवा हात मारला की झालं. गच्ची गळली तर वरून डांबर किंवा वॉटरप्रूफिंग. वीट-सिमेंट वाळलं की बहुतेक वेळा पुन्हा कामाला येतं, म्हणून हे चालून जातं. विकणाऱ्यांचा सल्ला त्यामुळेच पटकन पटण्यासारखा आहे. पण पॉप-अपमध्ये वीट नाही. तिथे आहे पातळ प्लायवूड, एक-दोन इंची लाकडी पट्ट्या आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. लाकडाला एकदा बुरशीने खाल्लं की ते उन्हात कितीही वाळवा, गेलेली ताकद परत येत नाही. आणि छताला वरून कोटिंग मारलं तर आधीच आत मुरलेलं पाणी आतच कोंडतं. बाहेरून छत पांढरंशुभ्र दिसतं आणि आत कुजणं चालूच राहतं.

जमिनीचंही तेच. बऱ्याच पॉप-अपच्या जमिनीला खालून काळा डांबरी थर दिलेला असतो, रस्त्यावरचं पाणी वर येऊ नये म्हणून. वरून मात्र लिनोलियम. म्हणजे दाराच्या फटीतून किंवा चाकावरच्या पेटीच्या सांध्यातून शिरलेलं पाणी दोन्हीकडून बंद. तुम्हाला लिनोलियम उचलेपर्यंत काही दिसलं नाही यात तुमचा दोष नाही. ते दिसतच नाही.

आता ही गाडी उभी कशावर असते ते नीट समजून घ्या, कारण सगळा निर्णय त्यावरच आहे. इंडियानातल्या मिडलबरीचे लॉइड बॉन्ट्रेगर यांनी १९६८ मध्ये जेको कंपनी काढली, ती फोल्डिंग कॅम्परचं छत उचलायच्या स्वतःच्या यंत्रणेच्या जोरावर. यंत्रणा कुठल्याही कंपनीची असो, बहुतेकांत तत्त्व सारखंच. पुढे हँडल फिरवायचं, पोलादी केबल ताणली जाते आणि चार कोपऱ्यांतले एकात एक बसलेले खांब छताला वर ढकलतात. तुम्ही आत चहा पीत बसता तेव्हा डोक्यावरचं शेकडो पौंडांचं छत त्या चार खांबांवर असतं. कापडी बाजू वजन पेलत नाहीत. खांबांची वरची टोकं छताच्या कडेतल्या लाकडाला स्क्रूने धरलेली असतात. आजूबाजूच्या ठेंगण्या भिंती जमिनीच्या कडेवर बसवलेल्या असतात, आणि जमीन लोखंडी सांगाड्याला बोल्टने जखडलेली.

म्हणजे पॉप-अपमध्ये ओल 'किती' आहे यापेक्षा 'कुठे' आहे हे महत्त्वाचं. मधल्या जमिनीला दोन फूट लांबीचं भोक पडलं तरी ती किरकोळ दुरुस्ती. पण कोपऱ्यातलं मुठीएवढं लाकूड गेलं, तर तिथे छताचा आधार गेला.

तर एक कोरडा दिवस बघा. हत्यारं फार लागत नाहीत: एक टोच्या, नसेल तर बारीक स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, आणि दोन सुया असलेला ओल मोजायचा मीटर. होम डेपो किंवा लोव्जमध्ये तीस-चाळीस डॉलरला मिळतो. छत उचला, आणि उचलल्याबरोबर चारही कोपऱ्यांत छत आणि खालच्या पेटीच्या मध्ये मापाने कापलेले दोन-बाय-चार इंची लाकडाचे उभे टेकू लावा. हे टेकू लावल्याशिवाय कुणीही आत डोकं घालायचं नाही, मुलांनी तर मुळीच नाही. यात मी कुणाची सबब ऐकणार नाही.

सुरुवात दाराजवळच्या मऊ जागेपासून करा. टोच्या ठरावीक जोराने दाबत मऊ भागाच्या मध्यापासून बाहेर सरकत जा, दर दोन-तीन इंचांवर एकदा. चांगल्या प्लायवूडमध्ये टोक जेमतेम शिरतं आणि काढताना लाकूड ते धरून ठेवतं. कुजलेल्यात टोच्या आवाज न करता मुठीपर्यंत जातो आणि बाहेर येताना काळपट चुरा घेऊन येतो. जिथून लाकूड टोच्याला धरायला लागेल तिथे खडूने रेघ मारा. ती रेघ पूर्ण झाली की खरा आकार दिसतो, आणि तो बहुधा पायाला जाणवला त्यापेक्षा मोठा असतो. रेघ भिंतीच्या आधी थांबते की भिंतीखाली जाते, हे बघायचं. भिंतीखाली जात असेल तर बाहेर या, भिंतीचा खालचा काठ दोन्ही हातांनी धरा आणि आत-बाहेर हलवा. जमीन जागेवर राहून भिंत एकटी हलली, तर स्क्रूंना धरायला खाली लाकूड उरलेलं नाही.

मीटरचा आकडा वाचताना एक भान ठेवा. १५ टक्क्यांच्या खाली म्हणजे कोरडं, २० टक्क्यांच्या वर म्हणजे बुरशीला राहायला जागा. पण मीटर फक्त आजची ओल सांगतो. पाच वर्षांपूर्वी कुजून आता वाळलेलं लाकूड मीटरवर छान १० टक्के दाखवेल आणि टोच्या मात्र त्यातून आरपार जाईल. दोन्ही करा.

मग छताचा तो डावा कोपरा. छताच्या कडेच्या ॲल्युमिनियम पट्टीत एक अरुंद प्लास्टिकची फीत बसवलेली असते, खालचे स्क्रू झाकायला. ती फीत टोकाने उचकटून फूटभर ओढा आणि स्क्रूची डोकी बघा. चकचकीत असतील तर आनंद आहे. गंजून लाल झाली असतील तर पाणी दोन-चार पावसांचं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे. आता त्यातला एक स्क्रू अर्धा फेरा घट्ट करून पाहा. आवळला गेला तर मागे लाकूड आहे. नुसताच गोल गोल फिरत राहिला, तर मागे लाकूड उरलेलं नाही. खांबाचं वरचं टोक जिथे छताला लागतं तिथले स्क्रूही असेच पाहा, चारही कोपऱ्यांत. शेवटी छताचा मधला भाग आतून बोटांच्या पेरांनी वाजवत जा. काही छतं पत्रा, फोम आणि पातळ प्लाय चिकटवून केलेली असतात. त्यात पाणी शिरलं की चिकटलेले थर सुटतात, आवाज पोकळ येतो आणि छत मधे झोल खातं.

एवढं झालं की तुमच्यापुढे तीनपैकी एक चित्र असेल.

मऊपणा दाराजवळच संपतोय, भिंती घट्ट आहेत, छताच्या कोपऱ्यातले स्क्रू आवळले जातायत. असं असेल तर तुमचे मिस्टर बरोबर आहेत. हे काम घरी होतं. कुजलेला तुकडा खालच्या लोखंडी आडव्या पट्ट्यांपर्यंत चौकोनी कापून काढायचा, जुन्या प्लायच्या जाडीचं बाहेरच्या वापराचं प्लायवूड आणायचं, सगळ्या कडा इपॉक्सीने किंवा चांगल्या रंगाने बंद करायच्या आणि बोल्टने सांगाड्याला धरायचं. लाकूड, बोल्ट, सीलंट मिळून दोन-तीनशे डॉलर आणि काही शनिवार-रविवार. ते ४२०० डॉलर मात्र कुठल्याही परिस्थितीत देऊ नका. दुरुस्तीवाल्याने लुबाडलंय असं नाही. ताशी सव्वाशे ते दोनशे डॉलर मजुरीने लाकूडकाम केलं तर आकडा तिथेच जातो. पण २००५ सालच्या गाडीवर तेवढे घातले, तर तेवढ्यात कोरडी, धडधाकट, दुसरी जुनी गाडी येते.

दुसरं चित्र: दाराच्या बाजूची भिंत खालून सुटलीय, पण छत आणि कोपरे चांगले आहेत. इथे खरा विचार करावा लागतो. आतली कपाटं काढावी लागतात, भिंत टेकू देऊन उचलून धरावी लागते, खालची पट्टी नवी घालावी लागते. होणारं काम आहे, पण पूर्ण उन्हाळ्याचं. मिस्टरांना लाकडात हात घालायची मनापासून आवड असेल, गॅरेज मोकळं असेल आणि 'यंदा कॅम्पिंगला ही गाडी नाही' हे मुलांना आत्ताच सांगायची तयारी असेल, तर करावं. 'पैसे वाचतील' एवढ्याच कारणासाठी करू नये. वाचत नाहीत.

तिसरं चित्र म्हणजे कोपऱ्यातले स्क्रू नुसतेच फिरतायत किंवा छताचे थर सुटलेत. मग सोडून द्या. छत उघडून नवी चौकट घालणारे लोक आहेत, मी त्यांचं काम पाहिलंय आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ते सुतार आहेत. तुमच्या घरचं पहिलंवहिलं लाकूडकाम दोन मुलांच्या डोक्यावर टांगलेलं असू नये. अशी गाडीही अगदीच मातीमोल नसते. वरची पेटी काढून खालचा सांगाडा सामान वाहायचा ट्रेलर म्हणून लोक घेतात, आणि फ्रिज, हीटर, स्टोव्ह, कापड सुटं विकलं जातं.

विकाल तेव्हा काढलेली फीत आणि मऊ जमीन फोटोत दाखवा आणि जाहिरातीत स्पष्ट लिहा. तुम्हाला जे कुणी सांगितलं नाही, ते पुढच्याला सांगायचं.

हार्डनरबद्दल विकणारे म्हणाले त्याचं उत्तर राहिलं. लाकडात मुरणारं इपॉक्सी वाईट नाही. खिडकीच्या चौकटीचा कोपरा, स्क्रूचं सैल झालेलं भोक, तळहाताएवढा डाग, अशा ठिकाणी ते उत्तम काम करतं, तेही लाकूड पूर्ण वाळलेलं असेल तर. ज्या जमिनीवर चार माणसं वावरणार तिथे नाही. वरचा थर दगडासारखा होतो आणि खाली चुरा तसाच राहतो.

दुरुस्ती करायची ठरली तर क्रम उलटा करू नका. आधी गळती, मग जमीन. डाग जिथे तिथेच भोक, असं छतात फार कमी वेळा असतं. पाणी पत्र्याखालून वाहत येऊन खालच्या बाजूला दिसतं. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून बागेच्या नळीने, दाब न देता, खालून वर एकेक सांधा भिजवत जायचा. प्रत्येक सांध्याला पाच-दहा मिनिटं द्या. घाई केली तर वरचं पाणी खाली येतं आणि भलताच सांधा गुन्हेगार ठरतो. सापडला की तिथली ॲल्युमिनियमची पट्टी काढा, जुना चिकटा पूर्ण खरवडा, खाली ब्यूटाइलची (रबरासारखी चिकट) टेप घाला, ॲल्युमिनियमची पट्टी परत बसवा आणि कडेने आरव्हीच्या (राहायच्या गाड्यांच्या) छतासाठी मिळणारं सीलंट भरा. सिलिकॉन वापरू नका. ते पत्र्यावरून सुटतं आणि त्याचा जो तेलकट थर मागे राहतो, त्यावर पुढे दुसरं काहीच धरत नाही.

आणखी एक, कारण दुकानात हमखास हा मोह होतो. 'कुजणारच नाही' म्हणून प्रेशर-ट्रीटेड लाकूड घ्यावंसं वाटेल. त्यातल्या बऱ्याच लाकडांत तांब्याची संयुगं असतात आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लागून बसवलं की ओलीत ती पत्रा खातात. साधं चांगलं लाकूड आणा, कडा बंद करा.

धाकट्याचा खोकला मी मुद्दाम शेवटी ठेवलेला नाही. पण त्याचं उत्तर तपासणीवर अवलंबून नाही, म्हणून वेगळं लिहितो. आजपासून त्याने त्या गाडीत जायचं नाही. गाद्यांचे फोम फेकून द्या, धुण्याच्या फंदात पडू नका. बुरशी फोमच्या आतवर गेलेली असते. ईपीए या सरकारी संस्थेचा ढोबळ नियम असा आहे की बुरशीचा पसारा १० चौरस फुटांच्या आत असेल तर घरच्या घरी साफ करता येतो. त्याहून मोठा निघाला तर मी तुमच्या जागी असतो तर दुसरं चित्रसुद्धा सोडून दिलं असतं. लिनोलियम उचलताना, लाकूड कापताना एन-९५ मास्क, हातमोजे, दारं उघडी, आणि त्या दिवशी मुलं मित्राकडे. सगळं कोरडं आणि नवं झाल्यावरही त्याच्या डॉक्टरांना एकदा विचारा आणि मगच त्याला आत झोपवा. त्यानंतरही तो खोकला, तर बाकी सगळं मनासारखं झालेलं असलं तरी गाडी विकायची.

बाकीच्या गोष्टी तपासणीच्या दिवशीच उरकून घ्या. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. '१४१२' असेल तर २०१२ चा चौदावा आठवडा. इतके जुने टायर नक्षी कितीही शाबूत असली तरी बदला. प्रोपेनच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. केबलचा एखादा जरी धागा तुटून बाहेर आलेला दिसला, तर छत उचलणंच थांबवा. आणि कापड सगळीकडून ताणून उजेडात धरा. नवं शिवून घ्यायचं म्हटलं तर ते सहज हजार डॉलरच्या घरात जातं, आणि पहिल्या चित्रातली गाडीसुद्धा त्या खर्चाने परवडेनाशी होते.

लडिंग्टनचं बुकिंग रद्द करू नका. मिशिगनच्या स्टेट पार्कांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि जुलैमधल्या जागा पटापट जातात, तुमच्या हातात एक आहे. त्याच जागेवर तंबू ठोका. मुलांना लेक मिशिगनची वाळू आणि हॅमलिन तलाव हवाय, त्यांना छताचं काही पडलेलं नाही. मुख्य म्हणजे जुलैची तारीख गाडीच्या मानगुटीवर बसवू नका. तारखेच्या घाईत ओल्या प्लायवूडवर लिनोलियम परत अंथरलं जातं.

राहिला तुमचा रोजचा वाद. तपासणी दोघांनी मिळून करा, आणि टोच्या तुम्ही हातात घ्या. मिस्टरांनी टॉर्च धरावी. तुम्ही स्वतः टोचून पाहिलेल्या जमिनीबद्दल पुन्हा 'मला वाटतं' आणि 'तुला काय कळतं' होणार नाही. चित्र पहिलं निघालं तर कागदावर दोन गोष्टी लिहून फ्रिजवर लावा: जास्तीत जास्त किती डॉलर, आणि कधीपर्यंत. डॉलरचा आकडा दोघांनी ठरवा. टायर धरून माझ्या मते ६००. तारीख मी सांगतो: सप्टेंबरअखेर. ऑक्टोबरात तुमच्याकडे रात्री थंडी पडायला लागते, इपॉक्सी आणि सीलंट नीट धरत नाहीत आणि उघडं पडलेलं लाकूड बर्फाखाली हिवाळा काढू शकत नाही. त्या दिवशी जमीन पक्की आणि छत कोरडं नसेल, तर जाहिरात तुम्ही टाकायची आणि मिस्टरांनी फोटो काढून द्यायचे.